पर्यावरणाचे परीक्षक : पेडणे आणि डिचोलीचा अनुभव

एखादा डोंगर फोडावयाचा आहे, एखाद्या सड्यावर मोठे बांधकाम करावयाचे आहे, किंवा जमिनीच्या पोटातील खनिज बाहेर काढावयाचे आहे. या कामास होकार द्यावा की नकार, आणि होकार दिल्यास कोणत्या अटींवर, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ज्याची सत्ता त्याचा हुकूम! आज आपल्या देशात या कामासाठी निराळी व्यवस्था आहे. तिच्यात समित्या आहेत, प्राधिकरणे आहेत, मंडळे आहेत आणि जनसुनावणीही आहे. एखादे प्रकरण न्यायालयात गेले म्हणजे या संस्थांची नावे वृत्तपत्रांत झळकतात. पण त्यांची घडण कशी असते, त्यांत कोण बसतात, त्यांना कोण नेमतो आणि निर्णयासाठी लागणारी माहिती त्यांच्यापुढे कोण आणून ठेवतो, याचा विचार सामान्यतः होत नाही. श्रोतेहो, गोमंतकाच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या अनुभवाच्या आधारे या व्यवस्थेचा इतिहास आज आपण पाहावयाचा आहे.

प्रथम भूमी पाहू. पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडचा तालुका. त्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस समुद्र. आतल्या बाजूस जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे पसरलेले आहेत. मोपा हे गाव अशाच एका सड्याचे. डिचोली तालुका आतील बाजूस आहे. त्याच्या दक्षिणेकडून मांडवी वाहते आणि त्याच्या टेकड्यांच्या पोटात लोहखनिज आहे. उन्हाळ्यात हे सडे ओसाड भासतात. परंतु पावसाळ्यात त्यांवर पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून हळूहळू खाली मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्या झऱ्यांवर विहिरी भरतात, कुळागरे जगतात आणि वायंगणी भात पिकते. म्हणजे वरच्या सड्यावर जे घडेल त्याचे परिणाम खालच्या शेतात उमटावयाचे. काम करणारा वर आणि त्याचे फळ भोगणारा खाली! पर्यावरणाच्या परीक्षणाची गरज नेमकी येथे उत्पन्न होते. ज्याला लाभ होणार आणि ज्याला झीज सोसावी लागणार, ते दोघे एकच असते तर तिऱ्हाईत परीक्षकाची आवश्यकताच पडली नसती.

ही जाणीव गोव्याला नवी नाही. गावाची जमीन, पाणी आणि बांध यांची व्यवस्था पाहणारी गावकरी ही संस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून येथे नांदत होती. तिसवाडीतील गावकऱ्यांच्या चालीरीती आणि हक्क यांची नोंद पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने १५२६ च्या सनदेत करून ठेवली. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून खाजणे राखावयाची तर बांध सर्वांनी मिळून सांभाळावा लागे, कारण एका ठिकाणी फुटलेला बांध सगळ्यांचे शेत बुडवी. गावकीचे निर्णय बैठकीत होत आणि गावचा लेखनिक ते लिहून ठेवी. या संस्थेचे गोडवे गाताना तिची मर्यादाही विसरता कामा नये. बैठकीत बसण्याचा हक्क मूळ घराण्यांतील पुरुषांचा असे. स्त्रिया, कुळे, मजूर आणि नंतर येऊन वसलेले लोक यांना तेथे स्थान नव्हते. तरीही दोन गोष्टी तिने रुजविल्या. ज्यांच्या शेतावर परिणाम व्हावयाचा त्यांच्यापैकी काहींनी तरी निर्णयास बसावे, ही पहिली. आणि ठरले ते लेखी असावे, ही दुसरी. पुढील सारा इतिहास या दोन कसोट्यांवर घासून पाहता येतो.

पेडणे आणि डिचोली हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. म्हणूनच त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. पुढे २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाने वसाहतींतील खाणींचा कायदा ठरविला. खनिज सापडल्याची रीतसर नोंद करावी, मग पुढील सोपस्कार होऊन खाणीचे हक्क मिळावेत, अशी ती पद्धती होती. त्या हक्कांना कालमर्यादेचे बंधन नव्हते. टेकडीखालच्या झऱ्याचे काय होईल, हा प्रश्न विचारण्यासाठी त्या व्यवस्थेत कोणाचीही नेमणूक नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून लोहखनिजास मागणी आली आणि मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्जेस मुरगावकडे जाऊ लागल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तथापि हे पोर्तुगीज हक्क रद्द होऊन त्यांचे भारतीय कायद्याखालील खाणपट्ट्यांत रूपांतर होण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

या काळात जगातही नव्या विचाराला आकार येत होता. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मोठे सरकारी काम हाती घेण्यापूर्वी त्याच्या परिणामांचे निवेदन तयार करण्याचे बंधन आले. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. आपल्याकडे १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने राज्य मंडळांची योजना केली. या मंडळाची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. एक अध्यक्ष, शासनाचे प्रतिनिधी म्हणून जास्तीत जास्त पाच अधिकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभासदांतून पाचपर्यंत, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार इत्यादी हितसंबंधांचे तीनपर्यंत बिनसरकारी प्रतिनिधी, शासकीय कंपन्यांचे दोन, आणि पूर्ण वेळ काम करणारा एक सदस्य-सचिव. असे एकूण सतरा जण. मंडळाने तीन महिन्यांतून एकदा तरी भेटावे, असाही दंडक आहे. कायद्याच्या कागदावर नांगरधारी आणि जाळेधारी या दोघांनाही स्थान ठेवलेले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९८७ साली गोवा घटकराज्य झाल्यानंतर येथेही स्वतंत्र राज्य मंडळ आले.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची भीषण दुर्घटना घडली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. त्या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना पूर्वअनुमती आवश्यक केली. परिणामांचा अहवाल प्रथम, बांधकाम नंतर, हा क्रम आता कायद्याचा झाला. १९९७ च्या एप्रिलमध्ये या अधिसूचनेत जनसुनावणीची भर पडली. तेव्हाच्या सुनावणी मंडळात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्हाधिकारी आणि शासकीय खात्यांचे प्रतिनिधी बसत. त्याखेरीज पंचायती किंवा नगरपालिका यांचे तीनपर्यंत प्रतिनिधी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले त्या भागातील तीनपर्यंत ज्येष्ठ नागरिकही बसत. नेमणूक वरून होत असली तरी गावचा माणूस मेजाच्या ऐकणाऱ्या बाजूस बसलेला होता.

आजची व्यवस्था मुख्यतः १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभी आहे. तिने प्रकल्पांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील प्रकल्पांचा विचार दिल्लीत केंद्रीय तज्ज्ञ समिती करते आणि निर्णय केंद्रीय मंत्रालय देते. दुसऱ्या वर्गासाठी प्रत्येक राज्यात राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण असावयाचे. त्यात केवळ तीन जण असतात : अध्यक्ष, एक सदस्य आणि एक सदस्य-सचिव. सदस्य-सचिव हा राज्य शासनाच्या सेवेतील अधिकारी असतो; अध्यक्ष आणि सदस्य हे जाणकार व्यक्तींतून घ्यावयाचे. नावे राज्य शासन सुचविते, नेमणुकीची अधिसूचना केंद्र शासन काढते, आणि मुदत तीन वर्षांची असते. प्राधिकरणास सल्ला देण्यासाठी जास्तीत जास्त पंधरा जणांची तज्ज्ञ समिती असते. वनस्पती आणि प्राणी, वनविद्या, पर्यावरणाचे अर्थकारण, धोक्याचे मूल्यमापन, प्रकल्पांचे व्यवस्थापन, लोकप्रशासन अशा विषयांचे जाणकार तीत असावेत अशी अपेक्षा आहे. समितीचा निर्णय शक्यतो एकमताने व्हावा, ते न जमल्यास बहुमताने. मुदत संपूनही नवे प्राधिकरण किंवा समिती नेमली गेली नाही, तर राज्याचे प्रकरण विचारासाठी दिल्लीकडे जाते. म्हणजे वेळेवर नेमणूक करण्यात राज्याने दिरंगाई केली की आपल्याच सड्याचा विचार परक्या मेजावर होण्याची पाळी येते!

जनसुनावणीचे रूपही २००६ मध्ये पालटले. किमान तीस दिवसांची सूचना द्यावयाची आणि ती एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात प्रसिद्ध करावयाची. अहवालाचा मसुदा लोकांना पाहण्यास ठेवावयाचा. सुनावणीचे चित्रण करावयाचे, आणि जे बोलले गेले त्याचा गोषवारा तेथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावयाचा. सुनावणीस किती माणसे असावीत याची किमान अट नाही. या सुधारणा स्वागतार्ह होत. मात्र अध्यक्षपदी आता जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो आणि साहाय्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी असतो. पंचायतीचे ते तीन प्रतिनिधी आणि ते तीन ज्येष्ठ नागरिक मेजावरून उठले. गावच्या माणसाला बोलण्याचा हक्क पूर्वीपेक्षा अधिक रीतसर मिळाला. ऐकणाऱ्याच्या बाजूची खुर्ची मात्र गेली. शिवाय सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथे हरकतींची नोंद होते, प्रकल्पधारकाने त्यांना उत्तर द्यावयाचे असते, आणि तोलून पाहण्याचे काम तज्ज्ञ समितीचे असते.

आता या रचनेतील सर्वांत नाजूक सांधा. समितीपुढे जो अहवाल येतो तो तयार करणारी सल्लागार संस्था प्रकल्पधारकच निवडतो आणि तिचे मोलही तोच चुकते करतो. समितीचे सभासद कितीही विद्वान असले तरी ते जिल्ह्याजिल्ह्यातून हिंडून स्वतः मोजमापे घेत नाहीत. त्यांच्यासमोर कागद येतात. कागदात झरा नसेल तर त्यांच्या लेखी तो झरा नाही. ही उणीव भरून काढण्यास सबंध योजनेत एकच माणूस उरतो. तो म्हणजे सुनावणीस येऊन, कोणत्या महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी असते हे सांगणारा गावकरी. त्याला मानधन नाही, त्याची नेमणूक नाही. तरीपण माहितीच्या दृष्टीने तो मंडळाचा एक सभासदच होय.

मोप्याचे प्रकरण याचा पुरावा आहे. पेडणे तालुक्यातील मोप्याच्या सड्यावर विमानतळ बांधण्याच्या प्रकल्पाची जनसुनावणी २०१५ च्या फेब्रुवारीत झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी केंद्रीय मंत्रालयाने अनुमती दिली. विरोधकांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने काही अटी वाढवून अनुमती कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने अनुमती स्थगित केली. विमानतळ चांगला की वाईट हा प्रश्न न्यायालयाने सोडविला नाही. त्याने परीक्षकांची परीक्षा घेतली. अर्जाच्या नमुन्यात परिसरातील वने, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आणि झाडे यांविषयी जे सांगावयास हवे होते ते सांगितले गेले नव्हते. जनसुनावणीत लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा समितीने खरोखर विचार केला, असे इतिवृत्तातून दिसत नव्हते. समितीने शिफारस केली होती, पण शिफारशीची कारणे दिली नव्हती. न्यायालयाने प्रकरण समितीकडे परत पाठविले. समितीने पुन्हा विचार करून आणखी अटींसह शिफारस केली. १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली, आणि अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविले गेले. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली.

कोणी म्हणेल, अखेर विमानतळ झालाच. मग या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग हा की, तज्ज्ञ समितीने कारणे लिहिलीच पाहिजेत हे तत्त्व या सड्यावरून देशभर गेले. कारण लिहिले म्हणजे ते तपासता येते. न लिहिलेल्या कारणाशी वाद तरी कसा घालावयाचा? अनुमती मिळाली म्हणून पेडण्याची बाजू हरली आणि स्थगिती मिळाली म्हणून जिंकली, असा हिशेब मांडणे बरोबर नव्हे. त्याचबरोबर हेही कबूल करावयास हवे की, अनुमतीपासून स्थगितीपर्यंत साडेतीन वर्षे लोटली होती. फेरविचार कितीही प्रामाणिक असला तरी उशिरा विचारलेल्या प्रश्नाला मोकळ्या मनाने उत्तर देणे अवघड जाते.

डिचोलीचा अनुभव निराळ्या जातीचा आहे. मोप्यात एक मोठा प्रकल्प होता. येथे टेकड्यांमागून टेकड्यांवर अनेक खाणपट्टे होते आणि प्रत्येकाची कागदपत्रे स्वतंत्र होती. परंतु पाणी खाणपट्ट्यांच्या सीमा ओळखत नाही, आणि रस्त्यावरची धूळ कोणत्या पट्ट्यातील हे श्वास घेणाऱ्याला विचारता येत नाही. एकेका खाणीची सुटी तपासणी करणाऱ्या समितीच्या नजरेतून समग्र परिणाम निसटण्याचा संभव यातच आहे. खाणींतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी २०१० मध्ये केंद्र शासनाने न्यायमूर्ती शहा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयीचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात संसदेपुढे आला आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम व खनिजवाहतूक थांबविली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की हे खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपुष्टात आले होते. पुढे राज्य शासनाने केलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाली. नवे पट्टे द्यावयाचे तर पर्यावरणविषयक अनुमतीही नव्यानेच घ्यावी लागेल, असे न्यायालयाने बजावले.

या बंदीने डिचोलीत अनेक घरांच्या चुली संकटात आल्या, हे दुसऱ्या पारड्यात टाकल्याशिवाय तोल पुरा होत नाही. ट्रकमालक, बार्जवरचे खलाशी, खाणीतील कामगार, रस्त्याकडेचा उपाहारगृहवाला, या सर्वांचे पोट त्या खनिजावर होते. म्हणून असे म्हणावे लागते की परीक्षण ढिले असले तर त्याचा फटका केवळ झऱ्याला आणि शेताला बसत नाही. तो कालांतराने रोजगारालाही बसतो. वेळेवर घातलेल्या बंधनापेक्षा अवेळी आलेली बंदी अधिक कठोर असते. पुढे लिलावात गेलेल्या डिचोलीच्या खनिजपट्ट्याची जनसुनावणी २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिचोलीत झाली. पट्ट्याच्या सीमेत आलेली घरे, देवळे आणि शेते यांविषयी लोकांनी तेथे हरकती मांडल्या. २०२४ मध्ये अनुमती मिळून खाण सुरूही झाली. या वेळी निदान प्रश्न आधी विचारला गेला आणि उत्तराची अपेक्षा ठेवण्यास नोंदीचा आधार मिळाला.

उरला प्रश्न माणसांचा. मंडळ कायद्याने निर्माण होते, पण ते चालते माणसांवर. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयास राज्यांना सांगावे लागले की प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या अध्यक्षांच्या व सभासदांच्या नेमणुकीसाठी सहा महिन्यांत नियम किंवा मार्गदर्शक तत्त्वे करावीत. कायदा १९७४ चा आणि हे सांगावे लागले २०१७ मध्ये! योग्यतेची मोजपट्टी नसली म्हणजे खुर्ची ज्ञानासाठी नसून सोयीसाठी भरली जाते. खुर्चीवरच्या मोठ्या नावांइतकीच त्यांच्यामागची लहान माणसे महत्त्वाची असतात. विहिरीची पातळी मोजणारा, पाण्याचे नमुने घेणारा, प्रयोगशाळेत ते तपासणारा आणि घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे वर्षानुवर्षे जाऊन पाहणारा कर्मचारी नसेल, तर अनुमतीपत्रातील पन्नास अटी आणि पाच अटी यांत फरक उरत नाही.

तेव्हा पेडणे आणि डिचोली यांच्या अनुभवातून निघणारा बोध थोडक्यात असा : परीक्षक मंडळाचे सामर्थ्य त्याच्या सभासदांच्या संख्येत नाही. नेमणूक वेळेवर आणि योग्यतेने झाली आहे काय, माहिती केवळ लाभ घेणाऱ्याकडूनच येते की झीज सोसणाऱ्याकडूनही, आणि निर्णयाची कारणे लिहिली जातात काय, या तीन प्रश्नांवर ते ठरते. यांपैकी पहिले शासनाच्या आणि तिसरे समितीच्या हाती आहे. दुसऱ्याचा बराच भाग मात्र नागरिकाच्या हाती आहे. वृत्तपत्राच्या आतील पानावर बारीक टाइपात जनसुनावणीची सूचना छापून येते. तिच्यातील तीस दिवस अहवालाचा मसुदा वाचण्यासाठी आहेत, आणि सुनावणीतील लाउडस्पीकर केवळ संताप ऐकविण्यासाठी नाही. अमुक झरा अमुक ठिकाणी आहे, मार्चमध्ये तो इतका वाहतो, त्यावर इतकी शेती भिजते, असे नेमके आणि लेखी सांगणारे एक निवेदन समितीच्या इतिवृत्तात शिरले, तर त्याला उत्तर देणे भाग पडते. मोप्याने ते दाखवून दिले आहे. गावकीच्या बैठकीत ज्यांना कधी जागा मिळाली नाही, त्या कुळाला, मजुराला आणि पाणी भरणाऱ्या स्त्रीलाही या सुनावणीत उभे राहण्याचा समान हक्क आहे. जुन्या संस्थेहून ही नवी व्यवस्था येथे निश्चित श्रेष्ठ आहे. हा हक्क वापरला तरच ते श्रेष्ठत्व कागदावरून भूमीवर उतरेल.